अंगणवाडीतली हवा : एक छोटासा अभ्यास

प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कारखान्यांची धुराडी, कल्याण-शिळफाट्याची वाहतूककोंडी, फार तर दिवाळीतले फटाके. शहापूर आणि मुरबाड ही नावं काही त्या यादीत येत नाहीत. उलट तिकडे आपण 'चांगली हवा खायला' जातो. पावसाळा आला की माळशेज घाट, माहुली किल्ला. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा तलाव शहापूर तालुक्यातले. आजूबाजूला साग, ऐन, मोह. अशा ठिकाणी हवेच्या प्रदूषणावर लेख कशाला, असं कुणीही विचारेल.

पण बाहेरची हवा आणि आतली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांच्या निमित्तानं मला या दोन्ही तालुक्यांतल्या काही पाड्यांवरच्या अंगणवाड्या आतून बघता आल्या. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात शिकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे सरपण, कूड, आढं हे शब्दसुद्धा मला तिथेच नीट कळले. बाहेर स्वच्छ डोंगरवारा, आणि भिंतीपलीकडे वीस-पंचवीस मुलं धुरात बसून बडबडगीतं म्हणताहेत, असं चित्र मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं. मग वाटलं, फ्लुइड मेकॅनिक्स आणि हीट ट्रान्स्फर आपण परीक्षेपुरतंच शिकायचं का? त्या विषयांतली चार सूत्रं घेऊन या खोलीचं गणित मांडून बघू. ते गणित आणि त्यातून निघणारे उपाय असा हा लेख आहे.

अंगण ते खोली

आधी थोडा इतिहास. 'अंगणवाडी' या शब्दातच 'अंगण' आहे आणि ते उगाच आलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' निघाली. बोर्डी आणि कोसबाड दोन्ही डहाणू तालुक्यात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत हा सगळा आपला ठाणे जिल्हाच होता.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. मुलांना पोषण आहार, लसीकरण, वजन-उंचीची नोंद आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एकाच छपराखाली मिळू लागलं. हे फार मोठं काम आहे. पण एक बदल सहज नजरेआड होतो. अंगणातली मुलं खोलीत आली आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकही खोलीत आला.

इथे महाराष्ट्राची एक खास गोष्ट सांगायला हवी. नोव्हेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारनं आदिवासी भागासाठी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. योजना चांगलीच आहे. पण जेवण वाढलं की इंधनही वाढतं. जिथे हे इंधन लाकूड आहे आणि चूल वर्गाला लागून आहे, तिथे पोषणासाठी पेटवलेली चूल त्याच मुलांच्या छातीवर येते.

लहान मुलांनाच जास्त का?

प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, तीन-चार वर्षांचं मूल २० ते ३० वेळा. शरीराच्या वजनाच्या मानानं मूल आपल्यापेक्षा खूप जास्त हवा आत ओढतं. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, म्हणून थोडी सूज आली तरी अडथळा मोठा होतो. शिवाय फुप्फुसांची वाढ अजून चालू असते.

धुरातला सगळ्यात त्रासदायक घटक म्हणजे अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. नाकातले केस आणि घशातला कफ मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. भारताच्या २००९ च्या मानकाप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत यांचं प्रमाण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात घरातल्या धुरामुळे सुमारे ३२ लाख मृत्यू झाले आणि त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती.

आणि मदतनीस मावशींना विसरून चालणार नाही. मूल चुलीपासून दहा फुटांवर असतं, त्या फुंकणी घेऊन चुलीच्या तोंडाशी असतात. अंगणवाडीत धूर, मग घरी जाऊन पुन्हा धूर. एका मावशींना मी विचारलं, "डोळे चुरचुरत नाहीत का?" त्या म्हणाल्या, "पावसात सरपण ओलं, मग फुंकून फुंकून जीव जातो. सवय झाली गं." अशी सवय खरं तर कुणालाच व्हायला नको.

आता गणित

एक साधी खोली घेऊ. १५ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच. आकारमान सुमारे ५० घनमीटर. आत २५ मुलं आणि एक सेविका.

पहिला प्रश्न, या खोलीला ताजी हवा किती लागते? अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेचं म्हणजे अ‍ॅश्रेचं पाळणाघरांसाठीचं मानक असं : दर माणशी सेकंदाला ५ लिटर, अधिक जमिनीच्या दर चौरस मीटरला सेकंदाला ०.९ लिटर. हिशोब केला तर सेकंदाला सुमारे १४५ लिटर, म्हणजे तासाला ५२० घनमीटर. याचा अर्थ खोलीतली सगळी हवा दर सहा मिनिटांनी बदलली पाहिजे.

दुसरा प्रश्न, खिडकीतून येते किती? समजा खिडकी एक चौरस मीटर उघडी आहे आणि वारा अगदी मंद, सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच.

खिडक्या एकाच भिंतीत असतील तर सूत्र आहे : हवेचा प्रवाह = ०.०२५ × क्षेत्रफळ × वाऱ्याचा वेग. उत्तर येतं तासाला ४५ घनमीटर.

समोरासमोरच्या दोन भिंतींत तेवढ्याच दोन खिडक्या असतील तर ०.०२५ च्या जागी ०.६ येतात आणि वारा तिरका असेल तर ०.३. उत्तर येतं १०८० किंवा ५४० घनमीटर.

पुन्हा एकदा बघा. वारा तोच, खिडकी त्याच मापाची, पण समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी केली की हवा बारा ते चोवीस पट. एकाच बाजूला खिडकी असणं म्हणजे बाटलीच्या तोंडावर फुंकर मारण्यासारखं आहे. आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नसते. पाहिलेल्या काही खोल्यांत समोरची खिडकी होती, पण तिच्यासमोर धान्याच्या गोण्या किंवा कपाट उभं होतं. म्हणजे नकाशात दोन खिडक्या आणि वाऱ्याच्या दृष्टीनं एकच.

तिसरा प्रश्न धुराचा. समजा स्वयंपाकाला तासभर चूल पेटते, दीड किलो लाकूड जळतं आणि एका किलोमागे ५ ग्रॅम सूक्ष्म कण निघतात. साध्या चुलीसाठी हे गृहीत धरायला हरकत नाही. एकूण झाले साडेसात ग्रॅम. त्यातला फक्त दहावा हिस्सा दारातून वर्गात आला असं धरू, म्हणजे पाऊण ग्रॅम. ऐकायला किती कमी! पण पाऊण ग्रॅम म्हणजे साडेसात लाख मायक्रोग्रॅम.

खोलीतलं प्रमाण काढायचं सूत्र सोपं आहे : तासाला आत येणारा धूर भागिले तासाला बदलणारी हवा.

एका बाजूच्या खिडकीची खोली : साडेसात लाख भागिले ४५ म्हणजे सुमारे १६,७००. खोली भरायला वेळ लागतो, म्हणून तासाभरात प्रमाण दहा हजारांच्या आसपास पोहोचतं. तुम्ही म्हणाल, मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आहे आणि हा तर एकच तास. बरोबर. उरलेले २३ तास मूल पूर्ण शुद्ध हवेत राहिलं असं धरा. तरी दिवसाची सरासरी २३० च्या पुढे जाते, म्हणजे आपल्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट.

समोरासमोर खिडक्यांची खोली : साडेसात लाख भागिले ५४० म्हणजे सुमारे १,३९०. दिवसाची सरासरी साधारण ५८. आपल्या मर्यादेच्या काठावर, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. घरी गेल्यावर आईच्या चुलीचा धूर वेगळा.

चूल वर्गापासून तोडून लांब नेली आणि धुराचा दहाव्याऐवजी हजारावा हिस्सा आत आला तर? दिवसाच्या सरासरीत एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी भर पडते.

या तीन उत्तरांत लेखाचं सार आलं. खिडकीनं मोठा फरक पडतो, पण नुसत्या खिडकीनं भागत नाही. आधी धुराचं मूळ हलवायचं आणि मग वाऱ्याला आत यायची आणि बाहेर जायची अशा दोन वाटा करायच्या. क्रमही हाच.

जुनं घर आणि नवी खोली

इथे एक गंमत लक्षात आली. पाड्यावरचं जुनं घर कारवीच्या कुडाचं असतं. कारवीच्या काठ्यांची भिंत, वर शेणमातीचा लेप, छपराला कौलं. भिंत वरपर्यंत पूर्ण बंद नसते आणि कौलांना फटी असतात. चूल घरातच असते, पण धूर हळूहळू कौलांतून झिरपताना आपण लांबूनही पाहतो. ते घर निरोगी होतं असं मी म्हणत नाही, पण ते श्वास घेत होतं. त्याच्या जागी आपण विटा-सिमेंटची, वर स्लॅब किंवा घट्ट पत्रा असलेली खोली बांधली. पाऊस आणि विंचू-साप यांच्यापासून ती नक्कीच चांगली. पण चूल तीच ठेवली आणि फटी बुजवल्या, तर पक्क्या खोलीत धूर कुडाच्या घरापेक्षा जास्त साचतो. बांधकाम सुधारलं, वायुविजन मागे गेलं.

इथले ऋतू, इथला धूर

पावसाळा सगळ्यात वाईट. जून ते सप्टेंबर या भागात दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. झड आत येते म्हणून खिडक्या बंद, सरपण ओलं म्हणून धूर दुप्पट, भिंतींना ओल म्हणून बुरशी. बुरशीच्या बीजाणूंनी दमा असलेल्या मुलांना त्रास होतो. शिवाय बंद खोलीत एकाचा खोकला सगळ्यांना. हवेतून पसरणारे आजार म्हणजे काय हे २०२० नंतर कुणाला वेगळं सांगायला नको.

हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो, थंड हवा दरीत बसते आणि गावाचा धूर वर न जाता पांढऱ्या पट्ट्यासारखा तरंगतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात. कातकरी कुटुंबं मुलाबाळांसकट भट्टीवर जातात आणि ती मुलं अंगणवाडीपासूनच लांब होतात. उन्हाळ्याच्या शेवटी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण आणि फांद्या वाफ्यावर पसरून पेटवायच्या, ही इथली फार जुनी शेतीपद्धत. अशा दिवशी बाहेरची हवाच वाईट असते, तेव्हा त्या बाजूची खिडकी तेवढा वेळ लावून घेणंच शहाणपणाचं.

याशिवाय खोलीतले छोटे शत्रू. डासांची एक कॉइल जळते तेव्हा तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. मुलं झोपलेल्या खोलीत कॉइलपेक्षा मच्छरदाणी शंभर पटींनी बरी. उदबत्ती आणि धूप हासुद्धा शेवटी धूरच. कोरड्या झाडूनं मुलांसमोर झाडलं की बसलेली धूळ पुन्हा हवेत येते. आधी पाण्याचा हबका मारावा किंवा ओल्या फडक्यानं पुसावं, आणि तेही मुलं येण्याआधी.

करायचं काय?

एक. चूल वर्गातून बाहेर. वेगळं स्वयंपाकघर असेल तर त्याचं वर्गाकडचं दार बंद ठेवता आलं पाहिजे आणि धुराला बाहेरचा रस्ता पाहिजे. नसेल तर थोड्या अंतरावर पत्र्याची, बाजूंनी मोकळी शेड. दिशा कोणती? आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून, हिवाळ्याच्या सकाळी बहुधा ईशान्येकडून येतो. वर्गाच्या आग्नेयेला शेड ठेवली तर तिन्ही वेळा धूर वर्गावर सरळ येत नाही. पण गावाभोवती डोंगर असेल तर वारा वळतो, म्हणून बांधण्याआधी खाली दिलेली उदबत्तीची चाचणी करावी.

दोन. शक्य तिथे गॅस. साधी चूल लाकडातल्या उष्णतेचा दहा-पंधरा टक्केच भाग भांड्याला देते, गॅसची शेगडी निम्म्याहून जास्त. रोज पाव किलो गॅस धरला तर १४.२ किलोचं सिलिंडर ५६ दिवस चालतं. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यांत सिलिंडर ओळखीचं झालं आहे. अडचण पहिल्या सिलिंडरची नसते, दुसऱ्याची असते. गाडी पाड्यापर्यंत येत नाही, पैसे वेळेवर हातात नसतात, आणि सिलिंडर रिकामं होतं त्या दिवशी चूल पुन्हा पेटते. म्हणून दोन सिलिंडर, आणि पहिलं संपताच दुसऱ्याची नोंदणी करायची जबाबदारी कुणा एकाची.

तीन. इंधन कमी लागेल असा स्वयंपाक. डाळ-कडधान्य रात्री भिजवणं, झाकण ठेवणं, प्रेशर कुकर. भाताचा पेंढा तर इथे दारात आहे. लाकडी पेटीत पेंढा दाबून भरायचा, उकळी आलेलं खिचडीचं पातेलं झाकणासकट त्यात ठेवायचं, वर पेंढ्याची उशी. उरलेलं शिजणं आतल्या उष्णतेवर होतं. इन्शुलेशनचं यापेक्षा स्वस्त उदाहरण आमच्या पुस्तकात नाही.

चार. चूल ठेवावीच लागली तर धुराडं, आणि धुराड्याची निगा. धुराडं आढ्याच्या वर दोन फूट तरी जावं, वर पावसाची टोपी असावी, आणि काजळी दर महिन्याला काढावी. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या देशात १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत सुधारित चुलींचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. लाखो चुली वाटल्या गेल्या, पण कित्येक ठिकाणी धुराडी तुंबली, चुली फुटल्या आणि लोक जुन्या चुलीकडे परतले. ओडिशात एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर दुरुस्तीअभावी फायदा उरला नाही. वस्तू देणं सोपं, ती चालू ठेवणं अवघड.

पाच. समोरासमोर उघडी जागा. खिडकीसमोरच्या गोण्या आणि कपाट आजच्या आज हलवता येतं, त्याला निधी लागत नाही. समोरच्या भिंतीत खिडकी नसेल तर छपराच्या खाली सिमेंटची जाळी बसवावी, गवंड्याचं दोनेक दिवसांचं काम. वर छज्जा असला की पावसाची झड येत नाही. वारा पडलेला असला तरी ही जाळी काम करते, कारण गरम हवा वर चढते. खाली अर्धा चौरस मीटर, वर अर्धा चौरस मीटर, मधे दोन मीटर उंची आणि आत-बाहेर ३ अंशांचा फरक असेल तर तासाला सुमारे ४७५ घनमीटर हवा बदलते. आपल्याला हवे होते ५२०. म्हणजे पंखा नाही, वीज नाही, तरी काम जवळजवळ झालं. पावसाळ्यात वाऱ्याकडच्या खिडक्या बंद ठेवून आडोशाच्या खिडक्या आणि ही जाळी उघडी ठेवता येते.

आणि काय करू नये? शहरातल्या जाहिराती बघून एअर प्युरिफायर घेऊ नये. चूल आत ठेवून प्युरिफायर लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वीज गेली की तो बंद, गाळणी भरली की निरुपयोगी, आणि कोंदटपणा त्यानं जातच नाही. कुंडीतल्या झाडांनी हवा शुद्ध होते हासुद्धा गैरसमज. २०१९ च्या एका आढाव्याप्रमाणे खिडकीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील! झाडं लावा, जरूर लावा, पण खिडकी उघडी ठेवून. छप्पर जुन्या सिमेंट पत्र्याचं असेल तर वायुविजनासाठी त्याला भोकं पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ धुरापेक्षा भयंकर.

यंत्राशिवाय तपासणी

तीन चाचण्या कुणालाही करता येतील. पहिली उदबत्तीची. मुलं नसताना उदबत्ती पेटवून प्रत्येक खिडकीजवळ आणि स्वयंपाकाच्या दाराजवळ धरायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. स्वयंपाकाच्या दारातून तो वर्गाकडे वळत असेल तर निकाल लागला. दुसरी नाकाची. पाच मिनिटं बाहेर उभं राहून मग आत शिरायचं. आत बसलेल्याला वास जाणवेनासा होतो, बाहेरून येणाऱ्याला लगेच कळतो. तिसरी फडक्याची. पांढरं ओलसर फडकं मुलांच्या उंचीवर भिंतीला आठवडाभर लावायचं, तसंच एक बाहेरच्या भिंतीला. शेवटी दोन्ही शेजारी ठेवून ग्रामसभेत दाखवायची. आलेखापेक्षा फडकं लवकर पटतं.

यंत्र हवंच असेल तर आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांना आव्हान! प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारा छोटा सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर यांतून कण मोजणारं उपकरण बनतं. फक्त दमट हवेत हे सेन्सर पाण्याचे थेंबसुद्धा कण म्हणून मोजतात, तेव्हा पावसाळ्यातले आकडे आर्द्रतेप्रमाणे दुरुस्त करावे लागतील. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी याहून उपयोगी विषय शोधून सापडणार नाही.

फार मोठं आश्वासन नको

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धूर गेला की सगळे आजार गेले, असं शास्त्र म्हणत नाही. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुलींवर झालेल्या प्रयोगात (निष्कर्ष २०११) गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसला, पण डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात ठाम फरक दिसला नाही. त्यानंतर भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत घराघरांत गॅस देऊन मोठा प्रयोग झाला. आपल्याकडे तो तामिळनाडूत झाला. धूर पुष्कळ कमी झाला, पण २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तान्ह्या मुलांच्या गंभीर न्यूमोनियात लक्षणीय फरक दिसला नाही. कारण मुलाच्या आजाराला कुपोषण, लस चुकणं, गर्दी, शेजारचा धूर असे अनेक धागे असतात. म्हणून हवा सुधारणं हे वजनकाटा आणि लसीकरणाच्या जोडीचं काम आहे, त्यांच्या बदल्यातलं नाही.

आणि सगळं केलं तरी मूल आजारी पडू शकतं, म्हणून एक आकडा प्रत्येकानं पाठ करावा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त, आणि दोन महिन्यांपासून एक वर्षाच्या आतल्या बाळाचा ५० किंवा जास्त झाला, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं. सेविकाताईंना हे शिकवलेलं असतं, आपल्यालाही यायला हवं.

पैसे कुठून?

वर सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही. जाळी, छज्जा आणि शेड यांना लागेल. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय राज्यानं २०१५ मध्ये घेतला आणि तो कशावर खर्च करायचा यात ग्रामसभेचा शब्द चालतो. ग्रामसभेत 'अंगणवाडी दुरुस्ती' असं मोघम लिहिण्याऐवजी 'पूर्वेच्या भिंतीत छपराखाली सिमेंट जाळी, इतके फूट बाय इतके फूट, वर छज्जा' असं लिहिलं तर काम होण्याची शक्यता वाढते. असा एक पानी नकाशा काढणं आपल्या सिव्हिलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला अर्ध्या तासाचं काम आहे.

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या शिबिराला आपण रस्ता झाडू, झाडं लावू, पथनाट्य करू. ते सगळं करूच. त्याबरोबर मोजायची टेप, उदबत्तीचा पुडा आणि दोन पांढरी फडकी पिशवीत टाकू. सेविकाताईंना विचारून, मावशींशी बोलून, एका अंगणवाडीची मापं घेऊ आणि नकाशा ग्रामपंचायतीत देऊन येऊ. ताराबाई आणि अनुताईंनी शाळा अंगणात नेली होती. आता मुलं खोलीत आहेत, तर त्या अंगणातला वारा तेवढा आत आणायचा आहे. त्याचं सूत्र आपल्याला परीक्षेत दोन मार्कांना येतं.